प्रवासात फक्त रेंजफाइंडर कॅमेरा न्यावा का?

आडवाट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात मामांच्या घराची आवराआवर चालू असताना लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या स्वेटरच्या घडीत गुंडाळलेला याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा रोलचा रेंजफाइंडर (दोन चित्रे जुळवून अंतर साधण्याचा) कॅमेरा सापडला. त्याची लेन्स ४५ मिलिमीटर, एफ १.७ (एफचा आकडा जितका लहान, तितके उजेडाचे छिद्र मोठे) अशी असून ती बदलता येत नाही. मामांनी तो शेवटचा कधी वापरला, हे घरात कोणालाच सांगता आले नाही.

मी दारव्हा तालुक्यात राहतो. महाशिवरात्रीच्या सुमारास आठ दिवसांची रजा मिळाली आहे आणि मोटारसायकलवर लोणार, सेवाग्राम व शेवटी वैनगंगेकाठच्या मार्कंड्याची जत्रा असा बेत आहे. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आणि १८ ते १४० मिलिमीटरची झूम लेन्सही आहे. गेल्या वर्षी त्याच जत्रेतून मी अकराशे छायाचित्रे घेऊन परतलो. घरी येऊन पाहतो तर निम्म्याहून अधिक माणसे पाठमोरी आणि बाकीची कुंपणाआडून टिपल्यासारखी. प्रत्येक छायाचित्राच्या वेळी मी कुठे उभा होतो, हे आठवून पाहिले, तेव्हा बहुतेक वेळा मी रस्त्याच्या पलीकडे होतो, असे लक्षात आले.

यंदा डिजिटल कॅमेरा घरी ठेवून फक्त हा जुना कॅमेरा आणि दोन रोल घेऊन जावे, असे मनात आहे. ज्यांनी रेंजफाइंडर प्रवासात वापरला आहे, त्यांनी हा शहाणपणा आहे की हट्ट, ते स्पष्टपणे सांगावे.

काळी माती

शहाणपणाचे नंतर पाहू. आधी यंत्र चालते का ते पाहावे. या कॅमेऱ्यासाठी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागत असे. ती आता मिळत नाही, परंतु ६ व्होल्टची लहान बॅटरी आणि रिकामी जागा भरण्यासाठी धातूची स्प्रिंग वापरून काम भागते. मागच्या बाजूचे बटण दाबल्यावर चित्रसंख्येच्या खिडकीत हिरवा दिवा लागला, तर वीज पोहोचत आहे असे समजावे. बॅटरी संपली तरी शटर उडते, मात्र ते १/५०० सेकंदाच्या एकाच वेगाने. त्यामुळे कॅमेरा चालतो आहे या भ्रमात सबंध रोल वाया जाऊ शकतो.

दुसरी परीक्षा कानाने करावयाची आहे. रोल पुढे सरकवण्याचा दांडा पूर्ण ओढल्यावर आतून ‘खट्’ असा स्वतंत्र आवाज यावयास हवा. तो येत नसेल, तर आतला रबराचा बारीकसा तुकडा वयोमानाने विरघळला आहे असे समजावे. मग प्रकाशाचे गणित चुकते आणि दुरुस्तीशिवाय गत्यंतर नसते. मागच्या झाकणाच्या खाचेतला स्पंजही बहुधा चिकट झाला असेल. तो काडीने खरवडून काढावा आणि तेथे काळ्या लोकरीचा धागा बसवावा, नाहीतर कडेने उजेड शिरतो.

शेवटचे, आणि हे मी हात जोडून सांगतो: या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. प्रकाश मोजणारा डोळाही वरच्या पट्टीवर आहे, लेन्सवर नाही. म्हणून लेन्सचे झाकण तसेच राहिले, तरी डोळ्याला सगळे स्वच्छ दिसते, मीटर बरोबर चालतो आणि शटरही उडते. रोल मात्र कोरा निघतो.

लालपरी

मामांचा स्वेटर कोणत्या अवस्थेत आहे, हे आपण लिहिलेले नाही.

जुना मास्तर

काळी माती यांनी यंत्राची प्रकृती तपासली. मी त्याची बुद्धी सांगतो. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. कॅमेऱ्याच्या वरच्या भागात एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात आणि त्यांतून दिसणारी दोन चित्रे मधल्या पिवळसर चौकटीत एकावर एक पडतात. लेन्सचे कडे फिरवले की आतला आरसा किंवा लोलक किंचित कलतो. दोन्ही चित्रे जुळली की अंतर साधले. आपले दोन डोळे जवळची वस्तू पाहताना आत वळतात, त्यातलाच हा प्रकार आहे. खिडक्यांमधले अंतर जितके जास्त, तितके मोजमाप अचूक. १९३२ साली लायका २ आणि काँटॅक्स या कॅमेऱ्यांत हे अंतरमापन लेन्सशी जोडले गेले. त्यापूर्वी बहुतेक कॅमेऱ्यांत अंतर वेगळ्या उपकरणाने मोजून किंवा अंदाजाने लेन्सवर लावावे लागत असे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते आणि ती माहितीपुस्तिकेत क्वचितच सापडते. ती दोन चित्रे फक्त आडवी सरकतात. म्हणून जुळवण्यासाठी उभी रेघ लागते: विजेचा खांब, दाराची चौकट, लुगड्याचा काठ, बंडीच्या चाकाचा आरा. नांगरलेल्या वावराच्या आडव्या सऱ्यांवर, धुऱ्यावर किंवा धरणाच्या भिंतीवर ती कधीच जुळल्यासारखी वाटत नाहीत, किंवा सर्वत्र जुळल्यासारखी वाटतात. अशा वेळी कॅमेरा उभा धरावा, अंतर साधावे आणि पुन्हा आडवा करून चित्र घ्यावे.

निघण्यापूर्वी दोन ठिकाणी पडताळणी करावी. दूरचा मोबाइल मनोरा कड्यावरच्या अनंताच्या खुणेवर जुळला पाहिजे; आणि अंगणात मोजपट्टीने बरोबर एक मीटरवर ठेवलेला दिवा कड्यावरच्या एक मीटरच्या खुणेवर जुळला पाहिजे. आपल्याकडे सपाट मुलूख असल्यामुळे पहिल्या परीक्षेची सोय आयती झालेली आहे.

रोखठोक

मला या सगळ्याचे नेहमीच आश्चर्य वाटते. खिशातला मोबाइल हे सर्व एका क्षणात करतो, अंधारातही करतो आणि चूक झाली तर लगेच दाखवतो. रोलचा खर्च, तो नागपूरला पाठवण्याचा खर्च, पंधरा दिवसांची प्रतीक्षा, आणि शेवटी छत्तीसपैकी दहा चित्रे धड. धागाकर्त्यांची अडचण रस्त्याच्या पलीकडे उभे राहण्याची आहे. ती रस्ता ओलांडल्याने सुटते, कॅमेरा बदलल्याने नाही.

पळसफूल

रोखठोक यांचे म्हणणे बरोबर आहे, पण रस्ता ओलांडण्यासाठी काही जणांना निमित्त लागते. मी त्यातली आहे.

मी वडसा परिसरातली. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम असतो आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मी पहिल्यांदा आरशाचा मोठा कॅमेरा (एसएलआर, ज्यात लेन्समधले चित्र आरशावरून डोळ्याला दिसते) घेऊन रंगपटात गेले, तेव्हा प्रत्येक ‘खटाक’सरशी नट माझ्याकडे पाहत होते. आता कॅनोनेट क्यूएल १७ हा रेंजफाइंडर घेऊन जाते. त्याचे पात्यांचे शटर लेन्सच्या आतच असते आणि आरसा उचलला जात नाही. त्यामुळे आवाज जीभ टाळ्याला लावून काढलेल्या आवाजाइतकाच होतो. मीटर बंद ठेवून १/३० सेकंद आणि एफ १.७ हाताने लावते, ट्राय-एक्स हा ४०० चा कृष्णधवल रोल भरते (आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात रोल चालतो) आणि धुताना तो १६०० चा समजून जास्त वेळ धुते. चित्रे खरखरीत येतात, पण मेण लावलेल्या मिशा, पाठीमागून बांधलेली सुरी आणि चहाची कपबशी एकाच चौकटीत येतात.

आणखी एक फरक सांगते. आरशाच्या कॅमेऱ्यात चित्र घेण्याच्या नेमक्या क्षणी अंधार होतो. येथे होत नाही. चौकटीच्या रेघांबाहेरचेही दिसत असते, म्हणून डावीकडून कोण येत आहे ते आधीच कळते. चष्मा असेल तर मात्र कडेच्या रेघा पाहण्यासाठी डोळा थोडा इकडेतिकडे फिरवावा लागतो.

शकुंतला

माझ्याकडे फुजीचा एक्स १०० आहे. तोही रेंजफाइंडरच म्हणतात ना? मग रोलची कटकट कशाला?

जुना मास्तर

तो दिसतो तसा. २०११ साली आलेल्या त्या कॅमेऱ्याला कोपऱ्यात काचेची खिडकी आहे आणि चौकटीच्या रेघाही आहेत, परंतु दोन चित्रे जुळवणारी ती यंत्रणा नाही. अंतर विजेवरचे यंत्र ठरवते. जो डिजिटल असूनही खऱ्या अर्थाने रेंजफाइंडर होता, असा पहिला कॅमेरा एप्सनचा आर-डी १, सन २००४. त्यानंतर २००६ साली लायका एम ८ आला. त्यांच्या किमतीत आपल्याकडे एक धडधाकट बैलजोडी आणि वर बंडी येईल, म्हणून तो विषय येथेच थांबवतो.

वाटसरू

एक अपघात नोंदवून ठेवतो. माझ्याकडे झोर्की ४ हा जुना सोव्हिएत रेंजफाइंडर होता. लोणारच्या काठावर दुपारी दोन वाजता, लेन्सचे झाकण काढलेल्या अवस्थेत, तो मोटारसायकलच्या हँडलला लटकवून मी पाणी प्यायला गेलो. आरसा नसल्यामुळे लेन्समधून आलेले ऊन थेट कापडी शटरवर पडते. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळत होतो तसेच. पुढच्या प्रत्येक चित्रात उजव्या बाजूला एक पांढरा ठिपका आहे, जणू लोणारवर दुसरी उल्का पडत आहे. कापडी पडद्याचा कोणताही कॅमेरा असेल, तर त्याचे तोंड उन्हाकडे ठेवू नये. याशिका आणि कॅनोनेटमध्ये धातूची पाती असल्यामुळे हा धोका नाही.

अवांतर: झोर्की ४ मध्ये शटर ताणल्यावरच वेग बदलावा, आधी बदलू नये. मी आधी बदलला होता. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

माठातले पाणी

रोल घरी धुणार असाल तर ऋतूचा विचार करावा. कृष्णधवल रोलसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण धरले जाते; एचपी ५ प्लस हा रोल डी-७६ या रोल धुण्याच्या द्रावणात तेवढेच पाणी घालून ११ मिनिटे. मार्चअखेर आमच्या अकोल्याकडे टाकीच्या नळाला हात लावला तरी चहाचे आधण वाटते. त्या पाण्यात रोल धुतला तर वेळ इतका कमी होतो की कुठे गडद, कुठे फिका असा डाग पडतो आणि वरचा थर मऊ होऊन बोटाने निघू शकतो.

मी सर्व द्रावणे रात्री माठाच्या पाण्यात तयार करतो. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे माठ चांगला गार होतो. पावसाळ्यात तोच माठ नुसता ओला राहतो. परातीत पाणी, त्यात द्रावणाच्या बाटल्या आणि कडेला बर्फाचे दोन खडे. २४ अंशांवर आणता आले तरी पुरे, मग वेळ सुमारे आठ मिनिटे धरतो. महत्त्वाचे हे की शेवटच्या धुण्याच्या पाण्यासह सगळे एकाच तापमानाचे असावे. गारातून एकदम गरमात टाकल्यास थराला जाळीदार भेगा पडतात. एकदा घरच्यांनी त्याच माठातून पाणी घेताना शेजारच्या बाटल्या पाहिल्या, तेव्हापासून माझा माठ अंगणात स्वतंत्र आहे.

रंगीत रोल असेल तर प्रश्न उलटा आहे. त्याला जवळपास ३८ अंश लागतात, म्हणजे मे महिन्यात आपली टाकी फुकटात तयार असते.

काळी माती

रोलच्या निवडीबद्दल एक शब्द. आपल्याकडच्या उन्हात ४०० चा रोल भरला, तर एफ १६ वर शटर आधीच १/४०० च्या आसपास जाते. त्याहून मोठे ॲपर्चर (छिद्र) लावले की वरचा तांबडा दिवा लागतो, कारण हा कॅमेरा १/५०० च्या पुढे जात नाही. दिवसा १०० किंवा २०० चा, सायंकाळनंतर ४०० चा, अशी वाटणी करावी.

माणसांच्या गर्दीत अंतर जुळवत बसू नये. एफ ११ लावून कडे तीन मीटरवर ठेवले की साधारण दोन मीटरपासून सहा मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते. मग फक्त तेवढ्या अंतरावर उभे राहणे, एवढेच काम उरते.

धामणगाव लोकल

सेवाग्रामला जाणार आहात म्हणून आठवले. आश्रमातली गांधीजींची कितीतरी छायाचित्रे कनू गांधी यांनी घेतली आहेत. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांचा कॅमेरा आला आणि बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला उभे राहा किंवा बसा असे सांगायचे नाही, आणि आश्रम या कामाला पैसे देणार नाही. रेंजफाइंडरवाल्याने या तिन्ही अटी तंतोतंत पाळण्याजोग्या आहेत. तिसरी तर आपोआपच पाळली जाते.

जुना मास्तर

आठवण उत्तम आहे, फक्त त्यांचा कॅमेरा रोलायफ्लेक्स होता, म्हणजे दोन लेन्सचा, वरून खाली पाहण्याचा. पहिली अट मात्र धागाकर्त्यांनी घ्यावी. बापू कुटीसारख्या मातीच्या खोलीत येणारा उजेड इतका मऊ असतो की फ्लॅश लावणे हा अपराधच ठरेल. जीएसएनचे स्वयंचलित शटर ३० सेकंदांपर्यंत उघडे राहू शकते. पिवळा दिवा लागला, म्हणजे उजेड कमी आणि शटर संथ असेल, तर कॅमेरा एखाद्या भक्कम वस्तूवर टेकवावा.

लालपरी

काळजी एकच: एवढा सल्ला मोटारसायकलच्या डिकीत मावेल का?

आडवाट (धागाकर्ता)

तीन आठवडे उलटले. सर्वांचे मनापासून आभार, आणि कबुलीने सुरुवात करतो. काळी माती यांनी हात जोडून सांगूनही लोणारची पहिली पाच चित्रे झाकणासकट घेतली. ‘खट्’ आवाज येतो, बॅटरी उत्तम, अंतरमापक मनोऱ्यावर अचूक, आणि झाकण लेन्सवर.

लोणारला हा कॅमेरा तोकडा पडला, हे मान्य केले पाहिजे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर काठावर उभे राहून ४५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये मावत नाही. आलेले चित्र कोणत्याही तलावाचे वाटावे असे आहे. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात मात्र त्याने लाज राखली. मंडपात पिवळा दिवा लागला, म्हणून पायरीवर रुमाल घालून कॅमेरा टेकवला आणि मनात आकडे मोजत बसलो. छताच्या कोरीव कामात जो काळोख डोळ्यांना दिसत होता, तोच चित्रात उतरला आहे.

सर्वांत चांगले चित्र प्रवासात नव्हे, निघण्याच्या दिवशी मिळाले. आमच्याच गावात एका वाड्यापुढे कापसाचा काटा चालू होता. काट्याला गाठोडे टांगलेले, हमालाच्या दाढीत रुई, आणि मी काट्याच्या साखळीवर अंतर जुळवत होतो. त्या उभ्या साखळीशिवाय काहीच जुळत नव्हते. काटा धरणारे काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मी कापूस मोजून रायलो, तुम्ही काय मोजून रायले?” मी म्हटले, अंतर. “मंग किती भरलं?” मी कड्यावर पाहून अडीच मीटर सांगितले. हमालाला हसू आवरेना, गाठोडे हलले आणि काट्याची सुई थरथरत राहिली. तेवढ्यात शटर दाबले. काकांनी तो काटा धरला नाही, पुन्हा मोजला.

मार्कंड्याला कडे तीन मीटरवर, एफ ११ वर. पहिला तासभर मी सहा मीटरवरच घुटमळत होतो, सवयीने. मग बांगड्यांच्या दुकानापाशी उभा राहिलो आणि हलायचे नाही असे ठरवले. माणसेच दोन मीटरवर येत होती. एका आजींनी कॅमेरा पाहून असाच आपल्या धाकट्या दिराकडे होता असे सांगितले आणि तो बिघडला की विकला, यावर त्यांचा व त्यांच्या सुनेचा वाद जुंपला. दोघी चित्रात आहेत. दोघी माझ्याकडे पाहत नाहीत, पण पाठमोऱ्याही नाहीत. वैनगंगेच्या पात्रातल्या गर्दीची चित्रे बहुतेक बिघडली, कारण पाण्याच्या चमचमाटात जुळवणीची चौकटच दिसेना.

हिशेब असा: ७२ पैकी पाच काळी, अकरा अस्पष्ट, आणि दोनांत लेन्सपुढे आलेले माझेच बोट. लोणारला दुसरा कॅमेरा हवा होता. मार्कंड्याला नको होता.

पळसफूल

बोटांची दोन चित्रे आली, म्हणजे आपण आमच्यात आलात. पुढच्या हंगामात नाटकाला यावे. रंगपटात दीड मीटरच्या पलीकडे उभे राहायला जागाच नसते.

रोखठोक

काट्याचे चित्र मोठे करून पाहिले. साखळीची प्रत्येक कडी मोजता येते आणि सुई मात्र हललेली आहे. मोबाइलने सुईदेखील गोठवली असती, हे माझे मत कायम आहे. काकांना त्याची प्रत दिली की नाही, एवढे सांगावे.

आडवाट (धागाकर्ता)

दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, सुईकडे बोट दाखवले आणि हमालाला हाक मारून विचारले की त्या दिवशी कापूस नक्की किती भरला होता.